सिस्टरबाईंच्या गच्चीवरील टमाट्यांच्या वॉर्डाबाबत

अर्जदार : मी स्वतः, धंदा अर्जनवीस, पूर्वी राहणार वरठी, हल्ली राहणार भंडारा.
गैरअर्जदार : आमच्या वरठीच्या घरमालकीणबाईंचे चिरंजीव, राहणार नागपूर.
साक्षीदार : पहिले, सुखदेवभाऊ, धानाचे शेतकरी व घरमालकीणबाईंचे शेजारी, दुसरी, अर्जदाराची पत्नी.
घटनास्थळ : वरठी येथील घराची गच्ची, तिकडे जाणारा जिना व खालचे अंगण.
घटनेचा काळ : एका पावसाळ्यापासून पुढील चौदा एप्रिलच्या जयंतीपर्यंत.

वरील मजकुरात ज्यांचे नाव नाही, त्यांच्याविषयीच हे सर्व लिहीत आहे. सारी वरठी त्यांना सिस्टरबाई म्हणते. त्यांचे खरे नाव मी येथे देत नाही. आपले नाव विचारल्याशिवाय कोणत्याही कागदावर चढवायचे नाही, अशी त्यांनी मला भाडेकरू म्हणून घरात घेतानाच ताकीद दिली होती, आणि घर सोडले म्हणून ताकीद संपत नाही.

माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले. नववीत गणित आडवे आले. परंतु तहसील कार्यालयासमोरील कडुनिंबाखाली टेबल टाकून मी जे लेखन केले, त्यामुळे अनेकांचे सातबारे दुरुस्त झाले आहेत व अनेक पदवीधरांना 'सबब' आणि 'तस्मात' यांतील भेद समजला आहे. माणसाचे म्हणणे ऐकून त्याला नेमके काय हवे हे ओळखणे, हा माझा व्यवसाय आहे. त्या व्यवसायाच्या आधारावर सांगतो की, सिस्टरबाईंसारखी व्यक्ती माझ्या टेबलासमोर कधी आली नाही. त्यांना कोणाकडून काही मागायचेच नसे.

त्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. नोकरीचा बराच काळ अड्याळकडच्या गावांत गेला. धानाच्या बांधांवरून सायकल चालवत जाऊन त्यांनी बाळंतपणे केली. पुढे बदली इकडे झाली, यजमान वारले, मुलगा नोकरीनिमित्त नागपूरला गेला, त्या निवृत्त झाल्या. दवाखान्याने त्यांना निरोप दिला. त्यांनी दवाखान्याला दिला नाही. रंगाचे रिकामे डबे, तेलाचे पत्र्याचे पिंप आणि फुटक्या बादल्या गोळा करून त्यांनी गच्चीवर टमाटे लावले आणि त्या जागेला वॉर्ड हे नाव दिले.

हे नाव गमतीने दिलेले नव्हते. प्रत्येक डबा म्हणजे एक बेड. सकाळी पोलाद कारखान्याकडे जाणाऱ्या सायकली आणि मोटारसायकली रस्त्याने सुरू झाल्या की त्यांचा राउंड सुरू होई. छातीवर पिन लावलेले जुने घड्याळ, कमरेला खोचलेला पदर. प्रत्येक डब्यात बोट खुपसून त्या मातीचा ओलावा पाहत. जमिनीला टेकलेली खालची पाने कात्रीने काढत. कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर नेण्यापूर्वी उकळत्या पाण्यात बुडवत. आधाराच्या बांबूच्या कमच्यांना त्या कुबड्या म्हणत आणि झाड कमचीला बांधत ते जुन्या सुती साडीच्या पट्टीने, आणि असे सैल की मधून बोट गेले पाहिजे. पांढऱ्या माशीसाठी पिवळे रंगवलेले पत्रे त्यावर एरंडेल फासून टांगलेले असत. एखादे झाड मर रोग लागून गेले तर त्या घड्याळात वेळ पाहून ती मोठ्याने म्हणत, क्षणभर उभ्या राहत, मग झाड मुळासकट उपटून पिशवीत बांधून दूर नेऊन जाळत आणि डबा ब्लीचिंग पावडरने धुऊन उन्हात पालथा घालत.

"बेड खाली झाला," त्या म्हणत. एवढेच.

फुलाचे फळ होत असताना मात्र त्यांचा आवाज बदले. मी जिन्यात उभा राहून ऐकले आहे. टमाट्याच्या झाडाच्या शेंड्यावर हात ठेवून, "लाव जोर, माय. घाबरू नको. मी आहो ना इथं." असे त्या म्हणत होत्या.

जिन्याच्या पायथ्याशी साबण व पाण्याची बादली ठेवलेली असे. हात धुतल्याशिवाय वर प्रवेश नव्हता. आमच्या भागात सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेल्या खर्ऱ्याशिवाय पुरुषमाणसाचा दिवस जात नाही, आणि त्याला मीही अपवाद नाही.

"अर्जभाऊ, हात दाखवा." त्या मला याच नावाने हाक मारत.

"धुतले ना बाई."

"खर्ऱ्याचा वास येऊन राहिला. साबण लावा. तंबाखूच्या हातानं टमाट्याले रोग होते. तुमचं तोंड सडलं तर तुमची मर्जी, माझ्या पोरायले कायले त्रास?"

"माणसापेक्षा झाड मोठे झाले काय?"

"माणूस सांगितलेलं ऐकत नाही. झाड ऐकते."

यावर मी लेखी उत्तर देण्याचा विचार केला होता.

माझ्या पत्नीनेही खालच्या अंगणात टमाटे लावले होते. फळे चांगली धरली, परंतु प्रत्येक फळाच्या बुडाशी काळी, चामड्यासारखी खपली येऊ लागली. पत्नीचे मत नजर लागली असे पडले व तिने काळी बाहुली टांगली. सिस्टरबाईंनी जाता जाता बाहुलीकडे पाहिले.

"पाणी कधी देतेस व?"

"आठवण आली का देतो."

"अन् आठवण कधी येते?"

"पानं मान टाकतेत तवा."

"मंग त्या बाहुलीलेच पाज. अवो, एक दिवस उपाशी, एक दिवस गळ्यापर्यंत! अशानं अंगातला चुना फळाच्या बुडापर्यंत पोहचत नाही, अन् बूड सडते. रोज सकाळी थोडं थोडं दे. वरतून तणस टाक, ओल राहीन."

पत्नीने धानाची तणस पसरली, पाणी नेमाने दिले, आणि पुढची फळे स्वच्छ आली. बाहुली मात्र तिने काढली नाही. श्रेय कोणास द्यावे, हा वाद आमच्या घरी अद्याप प्रलंबित आहे.

आता मूळ प्रकरणाकडे येतो.

त्या पावसाळ्यात सिस्टरबाई जिन्यावरून घसरल्या. जिना बाहेरच्या बाजूचा, उघडा, शेवाळलेला, धरायला काही नाही. मनगट मोडले. प्लास्टर चढले. चिरंजीव त्याच दिवशी नागपूरहून गाडी घेऊन आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता हे मी स्वतः पाहिले आहे, आणि गैरअर्जदाराच्या बाजूनेही जे सत्य असेल ते नोंदवणे मी माझे कर्तव्य समजतो.

"आई, आता बस झालं. चाल माझ्यासंग."

"कायले? मनगट मोडलं, पाय नाही."

"पुढच्या वेळी पाय मोडन! कोणासाठी चढतेस तू वर? मागच्या साली सारे झाडं मेलेच ना?"

"रोगी मेले म्हणून दवाखाना बंद करतेत का?"

दोघेही हट्टी. सुखदेवभाऊ व मी अंगणात उभे होतो. शेवटी चिरंजीव म्हणाले, "ठीक आहे. येत्या जयंतीले मी येतो. तवापर्यंत तुह्या झाडायले टमाटे लागून पिकले, तर तू इथं राहा, मी तोंड उघडणार नाही. नाही लागले तर गुपचाप गाडीत बसायचं. घर विकून टाकू."

"कबूल," सिस्टरबाई म्हणाल्या. "अर्जभाऊ, ऐकलं ना? सुखदेव, तुनं? साक्षीदार आहा तुमी दोघं."

अशा प्रकारे मी या अटीचा साक्षीदार झालो. घर विकले गेले असते तर आमच्या खोल्याही गेल्या असत्या, हे मी लपवत नाही. परंतु मला खरी भीती वेगळी होती. त्या रात्रीच्या जेवणाला पत्नीने त्यांना बोलावले, तेव्हा डाव्या हाताने वरण-भात कालवत त्या म्हणाल्या, "नागपूरले मी महिनाभर राहून आली ना. सून चांगली आहे, नात चांगली आहे. पण तिथं जो तो मले आजी म्हणते. इथं मी सिस्टर आहो." मग त्यांनी आणखी वरण मागितले.

दिवाळीनंतर रोपे डब्यांत गेली. प्लास्टर निघाले होते, पण मनगटात जोर नव्हता. पायरीपायरीवर बसत त्या वर चढत. झाडे उत्तम वाढली. एका रोपाच्या पानांवर मात्र पिवळे ठिपके दिसताच त्यांनी ते डब्यासकट खाली आणायला लावले व मोरीजवळ एकटे ठेवले. हे आयसोलेशन. त्या रोपाला हात लावलेल्याने आंघोळ केल्याशिवाय वर यायचे नाही, असा हुकूम निघाला.

थंडी भरात असताना शेंड्यांवर माव्याची कीड आली. त्यावर त्या दरसाल लिंबोळीचा अर्क मारत. पण त्यांच्या फवारणीच्या हातपंपाचा खटका दाबायला मनगट तयार होईना. सुखदेवभाऊ मोठ्या मनाचा माणूस. म्हणाला, "मी कायले आहो, बाई? माह्या पाठीवरचा पंप आणतो, एका दमात सारा वॉर्ड मारून देतो." आणि त्याने तसे केले. मोरीजवळच्या रोपावर मात्र बाईंनी मारू दिले नाही. तिथला रोग नळीला लागून वर जाईल, असे त्यांचे म्हणणे.

मावा गेला. परंतु काही दिवसांत वॉर्डातील झाडांचे शेंडे विंचवाच्या नांगीसारखे वळले. नवी पाने निघत ती दोरीसारखी पिळलेली, अरुंद, शिरा वर आलेली. फुले गळू लागली. एकाचे नाही, दोघांचे नाही, सर्वांचेच.

"कोकडा," सुखदेवभाऊ म्हणाला. पाने आखडणाऱ्या रोगाला आमच्याकडे हेच नाव आहे. "मिरचीवर येते तसा. आता नाही सुधरत हे."

माझ्या मते दोष बियाण्याचा होता. मी बियाणे विक्रेत्याविरुद्ध कृषी अधिकाऱ्यांकडे करावयाच्या तक्रारीचा मसुदा त्याच दुपारी तयार केला. मसुदा चांगला होता. सिस्टरबाईंनी तो वाचला व परत दिला.

"पहिले तपास, मंग तक्रार. तपास झाला का?"

"लक्षणे तर समोर आहेत."

"लक्षण म्हणजे रोग नाही, अर्जभाऊ."

चिरंजीवांना फोटो पाठवले गेले. त्यांनी ते मोबाइलवरच्या कुठल्याशा अॅपमध्ये टाकले, आणि अॅपने विषाणू असे सांगितले. औषध नाही, झाडे उपटून नष्ट करा. हे त्यांनी फोन स्पीकरवर असताना सांगितले, म्हणून आम्ही सर्वांनी ऐकले. त्यांचा आवाज जिंकलेल्या माणसाचा नव्हता. "आई, जाऊ दे. उपटून टाक. मी जयंतीची वाट नाही पाहत, पुढच्याच आयतवारी येतो," ते म्हणाले.

"ये," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी राउंड झाला नाही. कारखान्याची पहिली पाळी गेली, सायकली गेल्या, जिना रिकामा. मी खिडकीतून पाहिले तर सिस्टरबाई खाली बसून मांडणीवरची भांडी काढत होत्या आणि एकेक वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. घड्याळ छातीवर नव्हते. पत्नी मदतीला गेली. ती भांडी धुवायच्या निमित्ताने मोरीकडे गेली आणि तेथूनच ओरडली.

"बाई! याले तर टमाटा लागला जी!"

मोरीजवळचे ते एकटे रोप. वरच्या गडबडीत कित्येक दिवस त्याच्याकडे कोणी नीट पाहिले नव्हते. त्याचे पिवळे ठिपके होते तेवढेच होते, परंतु वरची सर्व पाने सरळ, रुंद, हिरवीगार. आणि बोराएवढे फळ. सिस्टरबाई हातातला तांब्या तसाच घेऊन आल्या. त्यांनी त्या पानाकडे बराच वेळ पाहिले, मग गच्चीकडे पाहिले, मग कुंपणाकडे तोंड करून हाक मारली.

"सुखदेव! इकडं ये."

सुखदेवभाऊ आला.

"खरं सांगजो. पंपात काय होतं?"

"लिंबोळीचा अर्क. तुमीच तर देल्ला."

"त्याच्या आधी?"

"पाणी. धुतला होता ना जी मी, बोअरवर."

"पाण्याच्या आधी?"

सुखदेवभाऊने माझ्याकडे पाहिले. मी नाइलाजाने दुसरीकडे पाहिले. "गवताचं औषध," तो म्हणाला. "धानाच्या बांधीत मारलं होतं. रुंद पानाचं गवत मरते त्यानं. धानाले काही होत नाही."

"अन् टमाट्याचं पान कसं असते?"

तो खालीच बसला. "मी मारले, बाई. मीच मारले तुमचे झाडं."

आता बाईंचा आवाज चढणार अशा तयारीने आम्ही उभे होतो. त्या मोरीच्या कट्ट्यावर बसल्या आणि हसू लागल्या. तांब्या मांडीवर ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "लागण नाही हे!" त्या म्हणाल्या. "रिअॅक्शन आहे, रिअॅक्शन! एकाचं दुसऱ्याले होत नाही, एकदाच सगळ्यायले मिळालं. औषध चुकलं, रोगी चांगले आहेत!"

"माफ करा, बाई."

"तुले काय फाशी देऊ? तुह्या जन्माच्या वक्ती तुह्या मायनं मले लाथ मारली होती, तवाही मी काही म्हटलं नाही. ऊठ. पाणी आण."

अशा पंपाला एकदा विसळून भागत नाही. त्यातला उरलेला अंशही टमाट्याला पुरतो, हे त्या दिवशी साऱ्या आळीला समजले. सुखदेवभाऊने आपल्या पंपाला त्यांच्या हुकमाने लाल चिंधी बांधली व तो पुन्हा कोणाला भाजीवर मारायला दिला नाही.

पुढचे काम संयमाचे होते. झाडांवर जी फळे होती ती सिस्टरबाईंनी एकूणएक तोडून पुरून टाकली. कोवळ्या हिरव्या टमाट्यांची चटणी होईल, असे पत्नी म्हणाली तेव्हा त्या तिच्यावर डाफरल्या. "औषध मारलेलं फळ आहे ते. माझ्या वॉर्डातून विष बाहेर जाणार नाही." जी झाडे फारच पिळली होती ती काढली, घड्याळातली वेळ मोठ्याने म्हणून, डबे धुऊन. उरलेल्यांना पाणी बेताचे, नेमाने. खत काही नाही. "अंगात चढलेलं उतरू द्या. जोर कायले करता?" मुलाला त्यांनी फोन केला. "आयतवारी नको येऊ. जयंती ठरली होती, जयंतीलेच ये."

भांडी मात्र गुंडाळलेलीच राहिली. त्या एक ताट, एक पेला बाहेर ठेवून जेवत होत्या. हे पाहिल्यावर आम्हाला आमचे जेवण गोड लागत नसे.

मग एका सकाळी जिन्यावरून हाक आली. "अर्जभाऊ, या. हात धुऊन या."

वर गेलो. त्यांनी एका झाडाच्या बगलेत फुटलेला कोंब दाखवला. खालची पाने अजून दोरीसारखीच होती. त्यांच्यामधून एक नवीन पान आले होते. लहान, पण सपाट. तळहात उघडावा तसे उघडलेले. मी त्याला बोट लावले आणि त्यांनी मला लावू दिले. पालथ्या बादलीवर बसून त्या म्हणाल्या, "घाबरवलं ना मेल्यायनं." त्या दिवशी संध्याकाळी पत्नीने सांगितले की मांडणीवर भांडी परत लागली आहेत.

ऊन तापू लागले तसे त्यांनी वॉर्डावर जुन्या पांढऱ्या चादरी ताणल्या. फळ धरले, थोडे. मोठे झाले नाही, पण रंग धरला. जयंतीच्या दिवशी गल्लीत निळ्या पताका लागल्या होत्या, विहारातून गाण्यांचा आवाज येत होता, आणि चिरंजीव सहकुटुंब आले. आल्याबरोबर ते जिन्याशी गेले. साबण लावून हात धुतले. ही सवय त्यांना लहानपणापासूनची असावी. मग वर चढले. अटीचे आम्ही दोघे साक्षीदार मागोमाग.

त्यांनी एक टमाटा तळहातावर घेतला. "आई, हे तर लिंबाएवढे आहेत."

"अट वजनाची होती का?"

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले. "अटीत आकाराचा उल्लेख नव्हता," मी स्पष्ट सांगितले. "'लागून पिकले' एवढेच शब्द होते."

"पिकले ना?" सिस्टरबाई म्हणाल्या.

"पिकले जी," सुखदेवभाऊने साक्ष दिली.

चिरंजीवांनी टमाटा पुसला, खाल्ला, रस मनगटावरून कोपरापर्यंत गेला. नातीने दुसरा मागितला. मला वाटते तेव्हाच त्यांना हायसे वाटले. आईला बळजबरीने नेण्याचे ओझे त्यांच्याही खांद्यावर असणार. "बरं बाप्पा," ते म्हणाले. "या वर्षी राहा."

ते परतल्यावर आठवडा उलटत नाही तोच एक वेल्डर आला. चिरंजीवांनी फोनवरून पाठवलेला. त्याने जिन्याच्या तळापासून गच्चीपर्यंत लोखंडी कठडा बसवला, खांब भोके पाडून सिमेंटमध्ये गाडले.

"हे कायले?" सिस्टरबाई खालून ओरडल्या. "मी काय म्हातारी आहो?" पण दुसऱ्या सकाळी कोणी पाहत नाही असे समजून त्या तो धरून चढत होत्या, न बसता, न थांबता.

आम्ही पुढे भंडाऱ्याला स्वतःच्या घरात आलो. मागील भेटीत त्या नवीन रोपे डब्यांत लावत होत्या. पत्नीला त्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले, "यंदाही परीक्षा आहे का व माझी? तुले काही बोलला का तो?" पत्नीला माहीत नव्हते. त्या पुन्हा मातीत बोट घालू लागल्या.

सबब, गैरअर्जदार महोदय, नम्र विनंती की :

आपण 'या वर्षी' असे म्हणालात. त्यानंतर आपण कठडा सिमेंटमध्ये बसवलात. एका वर्षासाठी कोणी सिमेंट कालवत नाही, यावरून आपण सदर अट मनातून मागे घेतली असावी, असा अर्जदाराचा तर्क आहे. परंतु तर्कावर कोणाला निवांत झोप लागत नाही. तस्मात, यंदा व पुढील साली टमाटे लागोत अथवा न लागोत, झाडे जगोत अथवा मरोत, आपल्या मातोश्री त्यांची इच्छा असेपर्यंत वरठीतच राहतील, असे आपण स्पष्ट शब्दांत कळवावे. उत्तर अर्जदारास पाठवण्याची आवश्यकता नाही. ते त्यांना फोनवर, आपल्या तोंडून, लवकरात लवकर मिळावे, एवढाच न्याय अर्जदार मागत आहे.